लोकरी टोपीचे दान : बालाक्लाव्हापासून प्रसूतिगृहापर्यंत

दिवाळी सरून माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे हवेत गारवा उतरू लागला, की मराठी घरांतील ट्रंकांची झाकणे उघडतात. डांबरगोळ्यांच्या वासासह शाली, स्वेटर व मोजे बाहेर येतात आणि त्यांच्यासोबत एक टोपीही हमखास निघते. डोके, कान, हनुवटी व मान झाकून चेहऱ्यापुरतीच खिडकी ठेवणाऱ्या या टोपीला मराठीत माकडटोपी असे काहीसे थट्टेखोर नाव पडले आहे. इंग्रजीत तिला मिळालेले नाव मात्र रणभूमीवरचे आहे. काळ्या समुद्राच्या काठी, क्रिमियाच्या द्वीपकल्पात बालाक्लाव्हा नावाचे लहानसे बंदर आहे. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी तेथे झालेल्या लढाईने ते जगाला ठाऊक झाले आणि पुढे त्याचेच नाव टोपीला चिकटले. थंडीने गारठलेल्या अपरिचित माणसासाठी घरच्या बायकांनी टोपी विणून धाडावी, ही प्रथा या नावाच्या आधाराने मागे शोधीत जाता येते. तिचा इतिहास वरवर पाहता केवळ करुणेचा वाटतो. थोडे खोलात शिरले, की तो मापांचा, वाहतुकीचा, हिशेबाचा आणि प्रसंगी चांगल्याच भांडणाचाही आहे असे दिसते.

मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद मागावरच्या कापडालाही चालते, बाजेच्या सुंभालाही चालते आणि दोन सुयांवरच्या लोकरीलाही चालते. प्रत्यक्षात या क्रिया फार वेगळ्या आहेत. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. सुयांवरच्या विणीत एकच धागा फाशात फास अडकवीत पुढे सरकतो. त्यामुळे ही वीण ओढली की पसरते आणि सोडली की आखडते. हाताला, पायाला व डोक्याला, म्हणजे ज्या अवयवांना सरळ कापड शिवून बसवणे कठीण त्यांना ती आपोआप धरून राहते. सुलट आणि उलट टाके आळीपाळीने घातले, तर ती आणखी लवचिक होते. कपाळावर टोपीची पट्टी असते ती याच विणीची. वर शेंड्याकडे जाताना टाके कमी करीत आणले, की टोपी मिटते. मोज्याच्या टाचेचे वळण तीत नाही, स्वेटरच्या बाहीचे गणित नाही. नवशिक्या हाताला दोनचार संध्याकाळींत पुरी करता येईल अशी ही वस्तू असल्यामुळेच दानासाठी विणल्या जाणाऱ्या वस्तूंत तिला कायमचे स्थान मिळाले.

तथापि आरंभी ही टोपी दानाची नव्हती. ती पोटाची होती. सोळाव्या शतकातील इंग्लंडात टोप्या विणणारे, त्या पाण्यात कुटून दाट करणारे, रंगवणारे अशा अनेक कारागिरांचा चरितार्थ तिच्यावर चाले. नव्या तऱ्हेच्या टोप्यांची चाल पडून हा धंदा बसू लागला, तेव्हा १५७१ साली पार्लमेंटने एक विलक्षण कायदा केला. सहा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने रविवारी व सणाच्या दिवशी इंग्लंडात बनलेली लोकरी टोपी घातलीच पाहिजे. न घातल्यास दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. सरदार, जमीनदार व कुलीन स्त्रिया यांना अर्थातच सवलत होती. लोकांनी हा कायदा फारसा मनावर घेतला नाही आणि १५९७ साली तो रद्द झाला. खादीचे दिवस पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या मराठी वाचकाला त्यामागचा हेतू परका वाटणार नाही. मात्र खादीची टोपी दंडाच्या धाकाने कोणाच्या डोक्यावर बसवलेली नव्हती. टोपी ही कोणाची तरी मजुरी आहे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी, कारण साडेतीनशे वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहणार होता.

क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैन्य हिवाळ्याच्या तयारीविना सापडले. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात बालाक्लाव्हाच्या बंदराबाहेर नांगरलेली अनेक जहाजे फुटली. त्यांत सैन्याचे हिवाळी कपडे घेऊन आलेले ‘प्रिन्स’ नावाचे जहाजही बुडाले. ‘टाइम्स’ पत्राचा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याची वार्तापत्रे लंडनला वाचली जात होती. शिपाई थंडीने व आजाराने मरत आहेत हे घरोघर इतक्या लवकर कळण्याची ती पहिलीच वेळ म्हणावी लागेल. वर्तमानपत्र वाचून माणसे हळहळली, हळहळून निधी उभारले गेले, आणि बायकांनी सुया हाती घेतल्या. राजवाड्यातील स्त्रियाही त्यास अपवाद नव्हत्या. गळपट्टे, हातमोजे, टोप्या यांची गाठोडी जहाजांवर चढली.

ती पोहोचली कुठे, हा खरा प्रश्न होता. बालाक्लाव्हाचे बंदर चिंचोळे. त्यात जहाजांची दाटी. बंदरापासून सैन्याच्या छावण्या काही मैल दूर, चढावर. मधला रस्ता पावसाने चिखलात गेलेला, ओझ्याची जनावरे चाऱ्यावाचून मेलेली. माल बंदरात पडून आहे आणि तो जेथे हवा तेथे माणसे गारठत आहेत, असे दृश्य त्या हिवाळ्यात दिसले. १८५५ च्या आरंभी बंदरापासून वर लोहमार्ग टाकण्यास सुरुवात झाली, तेव्हा कोठे वाट मोकळी होऊ लागली. विणणारणीच्या दृष्टीने पाहता तिचे काम शेवटचा टाका बंद केला तेव्हाच संपलेले असते. शिपायाच्या दृष्टीने ते त्या क्षणी सुरूही झालेले नसते.

टोपीच्या नावाबद्दल एक खुलासा केला पाहिजे. क्रिमियातील शिपायांनी ही टोपी घातली आणि तेव्हापासून तिला बालाक्लाव्हा म्हणू लागले, असे सरसकट सांगितले जाते. हातविणीचा इतिहास लिहिणाऱ्या रिचर्ड रट यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की युद्धकाळात हे नाव कोठे आढळत नाही. ते छापील स्वरूपात दिसते १८८१ च्या सुमारास. म्हणजे नाव स्मरणातून आले, रणांगणातून नव्हे. हे रट इंग्लंडातील लेस्टरचे बिशप होते आणि स्वतः उत्तम विणीत. विणकाम म्हणजे केवळ बायकी उद्योग असे मानणाऱ्यांनी या धर्मगुरूंचे स्मरण ठेवण्यास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढाईबाहेरही ही प्रथा रुजली. न्यूयॉर्कच्या बंदरातील ‘सीमेन्स चर्च इन्स्टिट्यूट’ या संस्थेने १८९८ पासून खलाशांसाठी हातविणीच्या वस्तू गोळा करून देण्यास आरंभ केला आणि तो उपक्रम सव्वाशे वर्षांनंतरही चालू राहिला. नाताळात घरापासून दूर असलेल्या खलाशाच्या हाती पडणारी टोपी हे त्याचे आजचे परिचित रूप. जहाजावर वारा कानात शिरतो, म्हणून कान झाकणारी, घट्ट बसणारी आणि सैल टोकाचा धागा कोठे अडकणार नाही अशी टोपी लागते. शतकभर टिकलेल्या उपक्रमांचे गुपित पुष्कळदा अशा क्षुल्लक वाटणाऱ्या सूचनांत असते.

पहिल्या महायुद्धाने मात्र या घरगुती उद्योगाला प्रचंड रूप दिले. ब्रिटनमध्ये १८८२ पासून एक शिवणमंडळ गरिबांसाठी कपडे करून देत होते. १९१४ साली ते राणी मेरीच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि त्याच्या शाखा साम्राज्यभर पसरल्या. त्या वर्षीच्या शरदात राणीने सैन्यासाठी तीन लाख मोज्यांचे जोड व तीन लाख लोकरी पट्टे पुरवण्याचे आवाहन केले. आगगाडीत, चर्चमध्ये, नाटकगृहात, जेथे बसावे तेथे बायका विणू लागल्या. शाळेतील मुलांनाही विणायला बसवले गेले.

आणि येथेच भांडण उपस्थित झाले. युद्ध सुरू होताच शिवणकाम, झालरी, टोप्या, चैनीचे कपडे अशा धंद्यांना उतरती कळा लागून त्यांत राबणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने बेकार झाल्या होत्या. कामगार स्त्रियांच्या पुढारी मेरी मॅकार्थर यांनी प्रश्न केला तो साधा होता. ज्या कामाची मजुरी देऊन गरीब बाईची चूल पेटली असती, तेच काम सुखवस्तू घरातील बाई फुकट करून देत असेल, तर हे दान कोणाच्या ताटातून जाते? हातात सुया असलेल्या हजारो सद्हेतू स्त्रियांना हा प्रश्न रुचला नसेल हे उघड आहे. पण तो राजवाड्यापर्यंत पोहोचला. राणीने मॅकार्थर यांना बोलावून घेतले. २० ऑगस्ट १९१४ रोजी स्त्रियांना काम मिळवून देण्यासाठी राणीच्या नावाचा स्वतंत्र निधी जाहीर झाला आणि स्त्रियांच्या रोजगारासाठी नेमलेल्या मध्यवर्ती समितीच्या मानद चिटणीस म्हणून मॅकार्थर यांनी काम पाहिले. कामगार चळवळीतील एक तडफदार स्त्री आणि इंग्लंडची राणी यांनी एका टेबलाशी बसून मजुरीचा विचार केला, त्याला निमित्त मोजे-टोप्यांचे झाले! चार वर्षे चाललेल्या युद्धाच्या महाभारतात हा प्रसंग किरकोळ समजला जातो, परंतु दानाच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे. दाता व घेणारा यांखेरीज तिसरे माणूस असते, ते दिसत नाही, आणि त्याचे नुकसान होऊ शकते, हे तेथे प्रथम ठसठशीतपणे मांडले गेले.

दुसरी अडचण मालाच्या अस्ताव्यस्तपणाची. कोणी कोपराएवढे मोजे विणी, कोणी टोपी अशी विणी की ती कानांवरून खाली खांद्यांवर यावी. एका पलटणीकडे गळपट्ट्यांचे ढीग, तर शेजारच्या पलटणीला एकही नाही. अखेर १९१५ साली ब्रिटिश सरकारने सर एडवर्ड वॉर्ड यांची स्वयंसेवी संस्थांचे महासंचालक म्हणून नेमणूक केली. कोणती वस्तू हवी, किती हवी, कोणत्या नमुन्याची हवी हे त्या कचेरीतून कळवले जाऊ लागले आणि माल ठरलेल्या कोठारांतून जाऊ लागला. अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली, तेव्हा तेथील रेडक्रॉसनेही छापील नमुने वाटून तोच मार्ग धरला. स्वेटर, गळपट्टा, मनगटपट्टा, मोजे व शिरस्त्राणाखाली घालायची लोकरी टोपी एवढ्याच वस्तू, आणि त्याही सांगितलेल्या मापाच्या. आपल्या कल्पकतेला वाव नाही म्हणून काही हौशी हात हिरमुसले असतील. पण बंदुकीचा नेम धरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर टोपी घसरू नये, ही गोष्ट कल्पकतेहून अधिक महत्त्वाची होती.

या थंडीत हिंदी शिपाईही होते. सप्टेंबर १९१४ मध्ये लाहोर विभागाच्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरल्या. मागोमाग मीरत विभाग आला. उष्ण हवेसाठी बनवलेला पातळ खाकी गणवेश घालून आलेल्या या फौजेला काही आठवड्यांतच फ्लँडर्सच्या चिखलाच्या खंदकांत उभे राहावे लागले. २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल गावावर झालेल्या हल्ल्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर मुंबई सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या होत्या. हे सॅपर्स पुण्याजवळच्या खडकी छावणीतले, आणि त्यांच्यात मराठे शिपाईही असत. त्यानंतर हिवाळा चढत गेला. लंडनमध्ये त्याच ऑक्टोबरात हिंदी शिपायांसाठी स्वतंत्र निधी स्थापन होऊन गरम कपडे, धार्मिक पुस्तके, मसाले, विडीकाडी अशा वस्तू पाठवण्याची व्यवस्था झाली. मुंबई इलाख्यात गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने स्त्रियांची युद्धमदत शाखा कामास लागली. येथे पुन्हा मापाचाच प्रश्न होता, आणि तो इंचांत मोजण्यासारखा नव्हता. हिंदी फौजेत टोपी घालणारे गुरखे व गढवाली होते, पागोटे-फेटे बांधणारे होते, आणि टोपी निषिद्ध मानणारे शीखही होते. लंडनच्या दिवाणखान्यात विणलेली एकच टोपी या सर्वांच्या मस्तकाला पुरी पडणे शक्य नव्हते.

ग्वाल्हेरचा उल्लेख येथे अगत्याने केला पाहिजे. माधवराव शिंदे महाराजांनी १९१४ च्या डिसेंबरात ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही आगबोट विकत घेतली. जखमी हिंदी शिपायांसाठी तीवर रुग्णालय थाटले गेले आणि तिचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवण्यात आले. हीच बोट युद्धानंतर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे येऊन ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या दिवसाची आठवण म्हणून भारतात राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. टोपीच्या गोष्टीत आगबोट शिरली हे खरे. पण लोकरीचे गाठोडे आणि रुग्णालयाची नौका या एकाच काळाच्या दोन टोकांच्या देणग्या होत्या.

मराठी घरांत सुयांवरचे विणकाम आले ते इंग्रजी अमलात, मिशनच्या शाळांतून व पुढे स्त्रियांच्या संस्थांतून. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या सेवासदनात शिवण, भरतकाम, विणकाम हे विषय विधवा व गरजू स्त्रियांना चार पैसे मिळवून देणारे म्हणून शिकवले जात. पाहता पाहता ते मध्यमवर्गीय घरातील फावल्या वेळेचा उद्योग बनले. स्त्रियांच्या मासिकांतून विणीचे नमुने येऊ लागले. जुन्या बांधीव अंकांतून नेमके तेच पान फाडून नेलेले असणे, हा वाचनालयांच्या ग्रंथपालांच्या नित्य तक्रारीचा विषय. तो अपराध खराच, पण त्या पानाचा एक स्वेटर झाला असेल असे समजून क्षमा करावी इतपत सौम्य!

१९६२ साली हे हात देशासाठी चालले. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला चढवला, तेव्हा नामका चू नदीकाठी व थागला कड्याच्या परिसरात आपले जवान उन्हाळी गणवेशात उभे होते. त्या उंचीवर रात्री पाणी गोठते. ही वार्ता देशभर पसरली आणि तिने पराभवाइतकाच मनाला चटका लावला. संरक्षणनिधीत बायकांनी अंगावरचे दागिने टाकले आणि शाळा-महाविद्यालयांतून, महिला मंडळांतून, चाळींच्या गॅलऱ्यांतून जवानांसाठी स्वेटर, मोजे, गळपट्टे व कानटोप्या विणण्याची लाट उसळली. २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी आहे. त्याच दिवशी चीनने जाहीर केलेली शस्त्रसंधी अमलात येऊ लागली. युद्ध अवघे महिन्याभराचे, आणि एका स्वेटराला, घरचे सारे आवरून विणायचा तर, दोनतीन आठवडे लागतात. म्हणजे तोफा थांबल्या तेव्हा पुष्कळ घरांत लोकर अजून सुयांवरच होती. विणणाऱ्यांनी ती उसवली नाही, आणि ते योग्यच झाले, कारण जवान पहाडांवरच राहिले होते आणि हिवाळा पुढे होता. मात्र जवानाच्या अंगावर गरम कपडा असणे ही देशाच्या खजिन्याची व कोठारांची जबाबदारी आहे. सुयांच्या लाटेने ती बायकांच्या ममतेवर ढकलली गेली, अशी टीका कोणी केली तर तीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पुढील वर्षांत सैन्याच्या पहाडी सामग्रीकडे जे लक्ष पुरवले गेले, ते या नामुष्कीच्या जाणिवेतून.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दानाच्या टोपीने मस्तक बदलले. शिपायाच्या जागी नुकते जन्मलेले, विशेषतः अपुऱ्या दिवसांचे व कमी वजनाचे मूल आले. आपल्याकडे बाळाला टोपडे आणि कुंची घालण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ‘टाळू उघडी ठेवू नये’ हे आजीबाईंचे वचन घरोघर ऐकू येते. शास्त्राने त्यामागचा हिशेब मांडला. मोठ्या माणसाचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे एकअष्टमांश, तर नवजाताचे एकचतुर्थांश असते. अंगावर चरबी कमी, कातडी पातळ, ओले अंग, आणि कुडकुडून ऊब निर्माण करण्याची शक्ती नाही. अशा मुलाची उष्णता डोक्यावाटे झपाट्याने जाते. पॅरिसचे वैद्य पिएर ब्युदँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच गार पडलेली अपुऱ्या दिवसांची मुले अधिक दगावतात हे नोंदवून ठेवले होते. १९५८ साली अमेरिकेत विल्यम सिल्व्हरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काचपेटीतील तपमान चार फॅरनहाइट अंशांनी वाढवले, तेवढ्याने अशा मुलांचे जगण्याचे प्रमाण शेकडा १५ नी वाढल्याचे दाखवले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने साडेछत्तीस अंश सेल्सिअसखालचे तपमान नवजातासाठी धोक्याचे ठरवले आणि जन्मक्षणापासून मूल गरम राखण्याची दहा पायऱ्यांची साखळी आखून दिली.

मग टोपी विणून धाडली, की मूल वाचले, असे समजावे काय? येथे इतिहास पुन्हा एकदा सद्हेतूला थांबवतो. १९८१ साली स्टोदर्स या संशोधकाने नवजातांच्या टोप्या तपासल्या. पातळ, जाळीदार सुती टोपीने उष्णता राखण्यात काहीच फरक पडत नाही, अस्तरात कापसाचा थर असलेल्या टोपीने मात्र पडतो, असे त्याला आढळले. पुढील काळात अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही पातळ सुती टोपीबद्दल तोच निष्कर्ष निघाला. फार अपुऱ्या दिवसांच्या मुलांना जन्मतःच प्लॅस्टिकचे आवरण वा टोपी घातल्याने लाभ होतो असे दिसले. बाजारी प्लॅस्टिकने आजीच्या लोकरीवर मात करावी हे मनाला रुचत नाही, परंतु ओल्या अंगाची वाफ अडवणे हे काम प्लॅस्टिकच करते.

दरम्यान कोलंबियाच्या बोगोटा शहरात, पेट्या अपुऱ्या आणि मुले अधिक अशा अडचणीतून एक अत्यंत साधी पद्धत निघाली. एदगार रेय यांनी १९७८ साली आणि लगेच त्यांच्या पाठोपाठ हेक्टर मार्टिनेझ यांनी कमी वजनाची मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारू-मातृसेवा या नावाने ती जगभर गेली. मुलाच्या अंगावर लंगोट, पायांत मोजे आणि डोक्यावर टोपी, एवढाच जामानिमा. बाकीची ऊब आईची. २०२१ साली भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात, एक ते पावणेदोन किलोंच्या आसपास वजनाच्या मुलांना जन्मताच आईच्या छातीशी ठेवल्याने मृत्यूंचे प्रमाण शेकडा २५ नी घटल्याचे दिसले.

या पद्धतीत टोपीचा वाटा किती, हेही तपासले गेले. आफ्रिकेतील रुग्णालयांत केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आईच्या छातीशी असलेल्या काही मुलांना लोकरी टोपी घातली, काहींना घातली नाही. टोपीने अपाय झाला नाही. पण मूल गरम राखण्यात तिने विशेष भरही टाकली नाही. दात्यांना हा निकाल हिरमुसवणारा वाटेल. त्याचा अर्थ इतकाच, की जिथे आईची ऊब आहे तिथे टोपी दुय्यम आहे, आणि वॉर्डाची खोली गार असेल तर टोपी तिची भरपाई करू शकत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०२२ साली असा सल्ला दिला, की जन्मानंतरचे पहिले काही तास व अतिदक्षता विभाग वगळता घरात झोपलेल्या बाळाला टोपी घालू नये, कारण मूल अतिरेकी तापण्याचा धोका असतो. थंड हवेच्या गावात, दाराखिडक्यांतून वारा येणाऱ्या झोपडीत परिस्थिती निराळी. एकाच टोपीचा एका घरी आधार होतो व दुसऱ्या घरी अडथळा.

या बाबतीत मराठी भाषकांजवळ दाखला आहे तो गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून तेथील गावांत नवजातांची पाहणी करून पुढे घरोघरी सेवेचा प्रयोग केला. ३९ गावांतील प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया बाळंतिणीच्या घरी जात, मुलाचे वजन व तपमान पाहत, जंतुसंसर्ग ओळखत आणि मूल उबदार कसे राखावे ते शिकवत. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ६२ नी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे ऊबदार कापड हे साधन होते, पण ते घेऊन दार ठोठावणारी, तपमापी वाचणारी व पुन्हा तिसऱ्या दिवशी येणारी बाई ही खरी योजना होती.

हे ओळखून टोपीचा उपयोग निराळ्या रीतीने करणारेही निघाले. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने २००६ साली अमेरिकेतील विणणाऱ्यांना हाक दिली. टोपी विणा आणि तिच्यासोबत राष्ट्राध्यक्षांच्या नावे एक पत्रही लिहा, की गरीब देशांतील नवजातांच्या आरोग्यावर अधिक पैसा खर्च करावा. टोप्या मुलांकडे गेल्या व पत्रे वॉशिंग्टनला. याउलट ब्रिटनमध्ये २००३ पासून एका फळरसाच्या कंपनीने बाटल्यांना घालण्याजोग्या चिमुकल्या लोकरी टोप्या विणून मागवल्या; टोपीवाली बाटली विकली गेली, की ठरावीक रक्कम वृद्धांच्या सेवेस जाई. टोपी कोणाच्याच डोक्यावर बसली नाही, तरी थंडीत एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना मदत पोहोचली! जाहिरातीचा वास त्याला आहेच. पण विणणाऱ्या हातांत अनेक हात वृद्धांचेच होते आणि त्यांना त्यानिमित्ताने चार माणसांत बसता आले, हेही खरे.

मराठी महिला मंडळांतून वा निवृत्तांच्या कट्ट्यांवर जे हात आज अशा टोप्या विणू पाहतात, त्यांना कोणतेही दक्ष प्रसूतिगृह प्रथम माप सांगेल. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या डोक्याचा घेर सुमारे ३३ ते ३५ सेंटिमीटर. दीड किलोच्या मुलाचा २८ च्या आसपास. वीण ताणते, म्हणून टोपीचा घेर त्याहून थोडा कमी धरावा. लोकर मऊ असावी, टोचणारी नसावी, आणि रुग्णालयाच्या धुण्यात गरम पाणी सोसणारी असावी. शुद्ध लोकर उकळली की आटते, ही साडेचारशे वर्षांपूर्वीच्या टोपीवाल्यांना ठाऊक असलेली गोष्ट येथेही आड येते. जाळीदार नक्षी नको, कारण तिच्यातून मुलाची नाजूक बोटे अडकतात आणि ऊबही निसटते. बटण नको, नाडी नको, शेंड्यावर गोंडा नको. आतल्या बाजूची शिवण सपाट असावी, कारण मूल तिच्यावर डोके टेकून दिवसाचे वीस तास पडलेले असते.